मुठेलापासून ट्यूबपर्यंत

कुडाळच्या एमआयडीसीत आमचं युनिट आहे. युनिट म्हणजे एक शेड, आत काचेच्या भिंतीनं वेगळी केलेली उत्पादनाची खोली, छोटी प्रयोगशाळा, पॅकिंगची टेबलं आणि मागे गोदाम. इथून मुख्यतः एकच माल बाहेर पडतो: पन्नाशीच्या आसपासच्या आणि पुढच्या चेहऱ्यासाठीचं मॉइश्चरायझर. तरुण मुलींसाठी काही का काढत नाही, खप तर तिकडेच आहे, असं बँकेच्या साहेबांपासून माझ्या भाच्यापर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय. तिकडे गर्दीही आहे. आणि मला जे खटकत होतं, ते इकडेच होतं.

बी. फार्म. झाल्यावर मी बरीच वर्षं नवी मुंबईत, दुसऱ्यांच्या ब्रँडसाठी क्रीम बनवून देणाऱ्या एका कंपनीत नोकरी केली. तिथे एकाच बेसमधून तीन-तीन डब्या भरल्या जायच्या. सुगंध वेगळा, झाकण वेगळं, आणि लेबलवर वयाचा उल्लेख आला की किंमत दुप्पट. माल वाईट नव्हता. पंचविशीतल्या मुलीला छान चालायचा. साठीच्या बाईच्या गालावर मात्र तासाभरात त्याचा मागमूस राहायचा नाही, कारण तिच्या त्वचेला जे कमी पडतं ते त्यात फारसं नव्हतंच.

कमी काय पडतं ते आधी सांगते, कारण आमचा सगळा धंदा त्यावर उभा आहे. त्वचेचा सगळ्यात वरचा थर मृत पेशींचा असतो. या पेशींना विटा म्हटलं तर मधला चुना म्हणजे सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि फॅटी ॲसिड हे स्निग्ध पदार्थ. वय वाढतं तसा हा चुना पुरेसा भरला जात नाही आणि आतलं पाणी निसटत राहतं. त्यात पाळी थांबली की इस्ट्रोजेन हे संप्रेरक घसरतं, तेलग्रंथी मंदावतात, आणि पहिल्या पाचेक वर्षांतच त्वचेतलं कोलॅजन, म्हणजे तिला घट्ट ठेवणारं प्रथिन, साधारण 30 टक्क्यांपर्यंत घटतं असं त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. म्हणून जिनं जन्मभर तेलकट चेहऱ्याची तक्रार केली, तिलाच बावन्नाव्या वर्षी तोंड धुतल्यावर गाल ओढल्यासारखे वाटतात. ती मात्र जुन्या सवयीनं फेसाळ फेसवॉश आणि जेलच घेत राहते.

मॉइश्चरायझर कुठलंही घ्या, त्यात पाणी धरून ठेवणारे घटक असतात (ग्लिसरीन, हायल्युरॉनिक ॲसिड, युरिया), मऊपणा देणारे आणि भेगा बुजवणारे असतात (स्क्वालेन, सिरॅमाइड), आणि वरून झाकण घालणारे असतात (पेट्रोलियम जेली, डायमेथिकोन, मेण, वनस्पतींची घट्ट तेलं). तरुण त्वचेचं पहिल्यावरच भागून जातं, बाकीचं ती स्वतः बनवते. पन्नाशीनंतर तिन्ही लागतात, आणि शेवटची दोन हात आखडता न घेता लागतात. नुसतं हायल्युरॉनिक ॲसिडचं सीरम कोरड्या हवेत लावलं आणि वर काहीच नाही, तर काही बायकांना त्वचा उलट जास्त ताठल्यासारखी वाटते.

झाकण घालणारी वस्तू आमच्याकडे घरोघरी होती. सासूबाईंच्या फडताळात मुठेलाचा गोळा कायम असायचा. कोकमाच्या बिया वाळवायच्या, फोडायच्या, वाटून पाण्यात उकळायच्या, वर आलेलं तेल काढून घ्यायचं आणि निवताना मुठीत दाबून गोळे करायचे. भेगाळलेल्या टाचांना आणि थंडीत ओठांना तेच. मुठेल वितळतं साधारण 38 ते 40 अंशांना, म्हणजे फडताळात दगडासारखं कडक आणि अंगावर घासलं की हळूहळू पसरणारं. त्यात स्टिअरिक ॲसिड भरपूर असल्यानं चोळून झाल्यावर शेंगदाण्याच्या किंवा खोबऱ्याच्या तेलासारखी चकाकी राहत नाही. बियांमध्ये साधारण पाव हिस्सा तेल असतं, तरीही आमच्या आसपास आमसुलं आणि आगळ काढून झाली की बी उकिरड्यावर जायची. 2016 साली सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालं, सालीचं कौतुक झालं, बी तिथेच. आता आम्ही ती बचत गटांच्या बायकांकडून वाळवलेली घेतो. तेल बाहेरून शुद्ध करून आणतो, कारण कच्च्या मुठेलाला प्रत्येक वाडीचा वेगळा वास आणि रंग असतो. टाचेला तो चालतो, नाकाखाली चालत नाही.

धंद्याची सुरुवात 2016 मध्येच केली. बऱ्याच जणींना वाटतं की स्वयंपाकघरात क्रीम घोटून डब्या विकता येतात. येत नाहीत. 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली उत्पादनाचा परवाना लागतो, तो आपल्याकडे अन्न व औषध प्रशासन देतं. 2020 पासून सौंदर्यप्रसाधनांचे वेगळे नियमच आले आहेत. जागा, पाणी, हवा, तांत्रिक माणूस, नोंदवह्या, सगळं तपासलं जातं. आम्ही जरा उभे राहतोय तोवर जुलै 2017 मध्ये जीएसटी आला आणि क्रीमवर 28 टक्के कर बसला. त्याच नोव्हेंबरात तो 18 वर आला, पण मधल्या काळात छापलेल्या किमती, दुकानदारांचे फोन आणि स्टिकर यांनी जाऊबाईंचं डोकं उठवलं. विक्री त्या बघतात. मी उत्पादन बघते. एकमेकींच्या खात्यात बोलायचं नाही असं ठरलंय, आणि दोघीही रोज बोलतो.

पहिलं क्रीम चांगलंच घट्ट होतं. पुण्याच्या प्रदर्शनात हिवाळ्यात ते हातोहात गेलं. इथे श्रावणात बाजारातल्या एका मावशींनी ट्यूब माझ्या हातात परत ठेवली: "गो बाय, ह्या लावन निजलंय तर तोंड उशीक चिकटता." खरंच होतं. कोकणातल्या पावसाळ्यात हवाच इतकी दमट की त्वचेतून पाणी उडायला वाव कमी, तिथे जाड थर नुसता घाम अडवतो. नागपूर-अकोल्याकडच्या ग्राहकांचं बरोबर उलटं: उन्हाळ्यात गरम कोरडा वारा, कूलर, हिवाळ्यात खणखणीत थंडी. म्हणून एकाच सूत्राची दोन रूपं केली. हलक्यात मुठेल कमी, स्क्वालेन आणि ग्लिसरीन जास्त. घट्टात मुठेल आणि मेण वाढवलेलं. सिरॅमाइड आणि 4 टक्के नायसिनमाइड दोन्हींत. नायसिनमाइड म्हणजे ब-3 जीवनसत्त्वाचं एक रूप. त्यावर माझा भर आहे, कारण ते त्वचेला तिचे स्वतःचे सिरॅमाइड बनवायला मदत करतं, डाग थोडे फिकट करतं, आणि सुरकुत्यांच्या क्रीममधल्या रेटिनॉलसारखं चुरचुरत नाही.

बॅच कशी होते ते बघायला लोक येतात आणि निराश होतात, कारण दिसतं फारसं काही नाही. एका भांड्यात पाणी, ग्लिसरीन. दुसऱ्यात मुठेल, मेण आणि तेल-पाणी बांधून ठेवणारं इमल्सिफायर. दोन्ही 75 अंशांपर्यंत तापवायचं. मुठेलाचे तुकडे सगळ्यात शेवटी विरघळतात. तळाशी एखादा पांढुरका खडा राहिला तर तो पुढे क्रीममध्ये कणी होऊन बोटाला लागतो, म्हणून आमची मुलगी बॅटरी मारून तळ बघते. मग दोन्ही एकत्र, जोरात घुसळणारं होमोजिनायझर यंत्र सुरू, आणि मिनिटाभरात पारदर्शक पाणी नि पिवळसर तेल यांचं पांढरंशुभ्र होतं. त्यानंतर ढवळत ढवळत थंड करणं, घाई न करता. 40 अंशांच्या खाली आलं की नायसिनमाइड आणि प्रिझर्वेटिव्ह. शेवटी पीएच, म्हणजे आम्लतेचं माप; आकडा जितका खाली तितकं आम्ल जास्त. तो आम्ही साडेपाचच्या आसपास ठेवतो: निरोगी त्वचा आम्लधर्मी असते, वयानुसार तिचा पीएच चढतो, पण फार खाली नेलं तर नायसिनमाइडचं विघटन होऊन त्यातून निकोटिनिक ॲसिड सुटतं आणि चेहरा लाल होतो.

प्रिझर्वेटिव्हवरून भांडणं होतात. "केमिकल नको, नैसर्गिक द्या" म्हणणाऱ्या ताईंना मी एवढंच सांगते की ज्यात पाणी आहे त्यात जंतू वाढणार, आणि बुरशी पूर्णपणे नैसर्गिक असते. आम्ही फिनॉक्सीइथेनॉल वापरतो, कायद्यानं 1 टक्क्याची मर्यादा आहे, आम्ही तिच्या आत आहोत. सुगंध मात्र घालत नाही. उतारवयातल्या त्वचेला खाज लवकर सुटते आणि क्रीममधल्या ॲलर्जीचं एक मोठं कारण सुगंधच असतो. यानं खप कमी होतो. दुकानात बाई आधी झाकण उघडून वास घेते, त्याला इलाज नाही.

झाकणावरून आठवलं. सुरुवातीला काचेची बरणी होती, दिसायला श्रीमंत. सावंतवाडीच्या एका निवृत्त बाईंनी ती माझ्यासमोर उघडायचा प्रयत्न केला. सांधेदुखीनं बोटं वाकलेली, तळवा ओला, झाकण फिरेना. शेवटी पदर धरून फिरवलं. पुढच्या ऑर्डरला आम्ही टिचकीनं उघडणाऱ्या झाकणाची ट्यूब घेतली, अंगठ्यानं उघडते. शिवाय बरणीत रोज बोट जातं, ट्यूबमध्ये जात नाही. लेबलवरची मराठी अक्षरंही मोठी केली. चष्मा न लावता "रात्री" आणि "ओलसर चेहऱ्यावर" एवढं तरी वाचता आलं पाहिजे.

2020 चं टाळेबंदीचं वर्ष आमच्या प्रदर्शनांचा धंदा खाऊन गेलं आणि व्हॉट्सॲपवरच्या ऑर्डरींचा घेऊन आलं. त्यातून सावरतोय तोवर मे 2021 मध्ये तौक्ते वादळ. वीज कित्येक दिवस नव्हती, कोकमाचा हंगाम ऐन भरात होता आणि वाळत घातलेली बी भिजली. त्या वर्षी बी महाग पडली, आम्ही दर वाढवला नाही, नफाही नावापुरताच राहिला. कुरियरचा प्रश्न वेगळाच. मे महिन्यात विदर्भात 45 अंश आणि वर पत्र्याची गाडी. मुठेल वितळण्याच्या पुढचं तापमान. म्हणून प्रत्येक सूत्र 45 अंशांच्या ओव्हनमध्ये तीन महिने राहून, तेल-पाणी न फुटता बाहेर आल्याशिवाय आम्ही त्याचं लेबलच छापत नाही.

फोनवर ऑर्डर घेताना जाऊबाई आधी प्रश्न विचारतात. तोंड धुऊन अर्धा तास काहीच लावलं नाही तर कसं वाटतं? ओढलं, खाजलं तर घट्ट. फक्त गाल कोरडे आणि नाक ठीक, तर हलकं. कुठे राहता? दिवसभर एसीत असता का? इतक्यात कुठली नवी गोळी सुरू झाली का? शेवटचा प्रश्न विचित्र वाटतो, पण लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्यांनी त्वचा कोरडी पडू शकते, थायरॉईड कमी असेल किंवा मधुमेह असेल तरीही. खाज अंगभर असेल, किंवा चेहऱ्यावरचा तीळ आकार-रंग बदलत असेल, तर आम्ही क्रीम विकत नाही, त्वचेच्या डॉक्टरांकडे जायला सांगतो. नवं काहीही आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला दोन-तीन दिवस लावून बघावं, हेही.

दुसऱ्यांचा माल घेत असाल तरी हेच लागू आहे. घटकांची यादी प्रमाणानुसार, जास्त ते कमी अशी छापलेली असते. पहिल्या पाच-सहा नावांतच ग्लिसरीन आणि एखादं स्निग्ध द्रव्य सापडलं पाहिजे. सोनं, मोती, केशर शेवटच्या ओळीत असतील तर ते डबीच्या चित्रासाठी आहेत. क्रीममधलं कोलॅजन आत शिरत नाही, रेणू फार मोठा असतो. वर बसून थोडा ओलावा धरतं एवढंच. मेडिकलमध्ये साध्या पांढऱ्या ट्यूबमध्ये मिळणारं, सिरॅमाइडवालं, बिनवासाचं क्रीम आमच्यापेक्षा स्वस्त मिळालं तर खुशाल घ्या, असं मी सांगते आणि जाऊबाई माझ्याकडे बघतात.

आमच्या ट्यूबवर सुरकुत्या घालवण्याचं वचन नाही. कोरडेपणामुळे उठणाऱ्या बारीक रेषा चांगल्या क्रीमनं भरून येतात, लावत राहाल तोवर. खोल रेषांना क्रीम पुरत नाही. एका वितरकानं "दहा वर्षं तरुण" असं छापलंत तर तिप्पट माल उचलतो म्हटलं. नियमांत खोटा दावा चालत नाही, हे त्याला माहीत होतं. कुणी पकडत नाही, हेही माहीत होतं. तो गेला, त्याचा जिल्हा अजून आमच्याकडे नाही.

सध्या सगळ्यात जास्त विचारणा सनस्क्रीनची आहे. मागणी रास्त आहे, कारण त्वचा वयस्क दिसण्यात उन्हाचा वाटा फार मोठा असतो. पण एसपीएफचा, म्हणजे उन्हापासून किती संरक्षण मिळतं त्याचा, आकडा छापायचा तर रीतसर चाचणी करून घ्यावी लागते आणि तिचा खर्च आमच्या उलाढालीला झेपणारा नाही. तोवर ऑर्डरसोबत आम्ही चिठ्ठी टाकतो: सकाळी मॉइश्चरायझर मुरलं की वर मेडिकलमधलं एसपीएफ 30 किंवा जास्तीचं, ब्रॉड स्पेक्ट्रम (यूव्हीए आणि यूव्हीबी दोन्ही किरण अडवणारं) सनस्क्रीन लावा, मानेलाही. यंदा ट्यूब भरायचं अर्धस्वयंचलित यंत्र आलंय, कर्जावर. घट्ट क्रीम त्यातून नीट उतरत नाही, नोझल गरम ठेवावं लागतं, आणि विदर्भाच्या हिवाळी ऑर्डरी दिवाळीआधी सुरू होतात.