मुखडा कुणाचा?

ताईची पट्टी, म्हणजे पेटीवरची जी कळ 'सा' धरून ती गाते ती, काळी चार; माझी बरीच खालची, काळी एक. आमच्या गाण्यातल्या बहुतेक भांडणांचं मूळ एवढंच आहे. लोकांना त्यात मानापमान दिसतात, पण तेवढी चैन आम्हाला परवडत नाही.

कार्यक्रम संपला की कुणीतरी विचारतंच, "कुणी कुठली ओळ म्हणायची हे तुमच्यात ठरवतं कोण?" ताई बिनदिक्कत सांगते, "मीच." मी पेटीचा भाता मिटवत गप्प बसतो. खरं तर पट्टी ठरवते.

माझा आवाज फुटेपर्यंत हा प्रश्नच नव्हता. गल्लीतल्या गणपतीपुढं एका माइकला दोन्ही बाजूंनी चिकटून अख्खं गाणं एकाच सुरात म्हणायचो. पुढं आवाज फुटला आणि घरात वाटण्या सुरू झाल्या.

आम्ही गातो ती सगळी दुसऱ्यांची, लोकांना पाठ असलेली गाणी. त्यातली बरीचशी एकट्यानं गायलेली. ती दोघांत वाटायची म्हणजे एक कडवं तुझं, एक माझं, असा सरळ हिशोब आधी डोक्यात येतो. तो चालत नाही. गाणं काळी चारमध्ये धरलं तर मुखडा, म्हणजे पुन्हापुन्हा येणारं ध्रुपद, मी आरामात म्हणतो, पण अंतरा, म्हणजे कडवं, तार षड्जाच्या (वरच्या 'सा'च्या) पुढं सरकला की माझ्या मानेच्या शिरा पहिल्या रांगेतून मोजता येतात. काळी एकला धरलं तर मी मोकळा, पण मुखडा मंद्र पंचमाला (खालच्या 'प'ला) उतरला की ताईच्या गळ्यातून नुसती हवा येते. मग मधली काळी दोन किंवा पांढरी तीन घ्यायची आणि दोघांनी थोडं थोडं सोसायचं. किंवा सरळ तिची पट्टी घ्यायची, मुखडा मला आणि अंतरा तिला. बहुतेक वेळा आम्ही हेच करतो. ऐकणाऱ्यांना वाटतं, वा, काय विचार केलाय, भाऊ विचारतोय आणि बहीण उत्तर देतेय! विचार कसला, माझा गळा तिथं संपतो.

यात एक अन्याय आहे आणि तो ताईवर होतो. ज्याचा मुखडा त्याचं गाणं. अंतऱ्यात सगळी मेहनत तिची, अवघड जागा तिच्या, आणि समेवर परत मुखडा आला की टाळी मला. एका कोजागिरीनंतर ती गाडीत तासभर बोलली नाही. तेव्हापासून शेवटचा मुखडा तिचा. पहिल्यांदा मी म्हणतो, मधे एकदा दोघं, आणि शेवटी ती एकटी, तिला हवा तेवढा वेळ घेऊन. मी फक्त पेटीवर. माणसं घरी जाताना शेवटचं ऐकलेलं गुणगुणतात, हे तिनं माझ्या आधी ओळखलं होतं.

आमच्या तबलजींना मात्र ही जोडी भलतीच सोयीची. काळी एकचा पंचम म्हणजेच काळी चार. तबला काळी चारला लावला की ताईच्या गाण्याला तो षड्ज, माझ्या गाण्याला पंचम. दुसरा तबला आणायला नको. पांढरी तीन म्हटलं की हातोडी काढतात आणि आमच्याकडं बघतात. लग्नाच्या संगीताला ट्रॅकवर, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेल्या साथीवर, गावं लागतं, तिथली तऱ्हा वेगळी. ट्रॅक मूळ गायकाच्या पट्टीत असतो. मोबाइलवर तो दोन-तीन सूर वरखाली केला तर चालून जातं, त्यापुढं ढोलकी पत्र्याच्या डब्यासारखी वाजायला लागते. अशा ठिकाणी वाटणीबिटणी काही नाही, ज्याला झेपेल त्यानं म्हणायचं.

पट्टीनंतरचा गोंधळ क्रियापदांचा. कार्पेंटर्स ही अमेरिकेतली भावाबहिणीची जोडी, रिचर्ड आणि कॅरन. १९६९ च्या त्यांच्या पहिल्या अल्बममध्ये बीटल्सचं एक गाणं संथ करून घेतलंय. मुळात सोडून जाणारी 'ती' आहे, कॅरन गाते तेव्हा 'तो' होतो. सर्वनाम बदललं, काम झालं. मराठीत 'आले'चं 'आलो' करायला मात्रा तेवढ्याच लागतात, पण पुढच्या ओळीचं यमक कोसळतं. म्हणून अशी ओळ ज्याच्या लिंगाची त्यालाच द्यावी, असं मी एकदा मांडलं. ताई म्हणाली, "मग ज्ञानेश्वरांनी विरहिण्या, बाईच्या तोंडची ती विरहाची गाणी, लिहायला नको होत्या." आजीला तर ही अडचण कधी कळलीच नाही. आमच्या कोल्हापूरकडं बायकाही 'मी आलो', 'मी जातो' असंच बोलतात. तो नियम तिथंच बारगळला.

कार्पेंटर्सचं निघालंच आहे तर आणखी एक. त्या पहिल्या अल्बममध्ये मुख्य आवाज दोघांनी वाटून घेतला होता. पुढं रिचर्ड मागं सरकत गेला. गाण्याची बांधणी त्याची, मागच्या आवाजांचे थर दोघांचे, आणि पुढं कॅरनचा खालचा, भरदार आवाज. १९७० साली त्यांचं जे गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं, तेही आधी दुसऱ्यांनी गायलेलं होतं. रिचर्डला किती जड गेलं असेल कुणास ठाऊक. पेटीवाला भाऊ म्हणून मला त्याच्याबद्दल विशेष आस्था आहे.

बहिणी-बहिणी गातात त्यांचं बरं असतं. 'आझाद'मधलं लता आणि उषा मंगेशकरांचं 'अपलम चपलम' घ्या. सी. रामचंद्रांनी दोघींना असं काही गुंफलंय की कोण कुठं थांबलं आणि कुणी कुठं उचललं, हे कान देऊन ऐकावं लागतं. आमचं तसं नाही. मी तोंड उघडलं की मागच्या रांगेतल्या आजोबांनाही कळतं, आता भाऊ.

एक गाणं मात्र भावंडांनी म्हणावं असंच आहे. गीतरामायणातलं पहिलं. १ एप्रिल १९५५ ला पुणे आकाशवाणीवरून ते सुरू झालं. रेडिओवर वेगवेगळ्या पात्रांना वेगवेगळे गायक होते, पुढं जाहीर कार्यक्रमांत बाबूजी, म्हणजे सुधीर फडके, सगळी छप्पन्न एकटेच गायचे, सीतेचीसुद्धा. पहिल्या गाण्यात रामापुढं गाणारे कुश आणि लव, म्हणजे भावांची जोडी, आणि त्यांचं वर्णन एकटे बाबूजी करतात! रामनवमीला आम्ही ते घेतो काळी एकमध्ये, कारण तिथं माझं चालतं. वर्णनाची कडवी ताईची, ती वरच्या सप्तकात मोकळी असते. कुश-लवांची ओळ दोघांची, ती वर आणि मी खाली, सूर तोच.

तिथं मला कधीतरी वेगळा सूर लावायची हौस येते. पण गाणं भूप रागाचं. त्यात मध्यम, निषाद ('म' आणि 'नी') वर्ज्य, म्हणजे लावायचेच नाहीत. ती रिषभावर ('रे'वर) असताना एक सूर सोडून वर जायला गेलो तर मध्यम लागतो, आणि मध्यम लागला की भूप गेला आणि ताईची मान वळली. रिषभावर पंचम चालतो, तोही जपून. म्हणून ती ओळ लांबवते तिथं मी षड्जावर नुसता थांबतो, तंबोऱ्याला सोबत म्हणून, अगदी हळू. साउंडवाल्याला हे आधी सांगून ठेवावं लागतं. नाहीतर त्याला वाटतं माझा माइक गेला, आणि तो ऐन वेळी माझी बटणं वर सरकवतो.