तुम्ही विचारलंत म्हणून: हॅमस्टरमध्ये एवढं काय आहे?

"कुत्रा नाही, मांजर नाही, साधा पोपटही नाही. हा उंदीर पाळून तुम्हाला मिळतं काय?" नागपूरच्या आमच्या घरी येणारा पाहुणा चहा संपायच्या आत हे विचारतोच. सासूबाईंचा मुद्दा जास्त धारदार असतो. स्वयंपाकघरातल्या उंदरासाठी सापळा लावायचा आणि हॉलमधल्या उंदराला सूर्यफुलाच्या बिया वाढायच्या, हा कुठला न्याय?

खरं सांगायचं तर, आमच्या तात्याला, म्हणजे आमच्या हॅमस्टरला, माझी काहीही पडलेली नाही, आणि मला तेच आवडतं. कुत्र्याला तुमचा वेळ लागतो, लक्ष लागतं, तुम्ही उशिरा आलात तर त्याचा चेहरा बघवत नाही. तात्या दिवसभर झोपतो आणि रात्री नऊच्या सुमारास आपल्या कामाला लागतो. आपण फक्त शेजारी खुर्ची टाकून बसायचं.

आधी भुशातून नाक वर येतं. नजर अधू, त्यामुळे सगळी भिस्त वासावर. मग वाटीकडे स्वारी. तिथे खाणं नाहीच, नुसती भरती: बाजरी, भोपळ्याच्या बिया, काकडीचा तुकडा, सगळं गालात. या गालांच्या पिशव्या थेट खांद्यापर्यंत जातात. भरल्या की डोकं अंगापेक्षा रुंद दिसतं. तसाच डुलत तो कोपऱ्यातल्या कोठारात जातो, पुढचे पंजे गालांमागे टेकवतो आणि मागून पुढे दाबत जातो. एकेक बी टपटप बाहेर. मग वर भुसा सारून सगळं झाकायचं, आणि इकडेतिकडे बघून पुन्हा वाटीकडे. समोर ताजं भरपूर असलं तरी साठवण चुकत नाही. आमच्याकडे जेवणानंतर टीव्ही हल्ली क्वचितच लागतो.

तात्या सिरियन, म्हणजे सोनेरी जातीचा. याचं खानदान ऐकण्यासारखं आहे. 1930 साली जेरुसलेमचे प्राणिशास्त्रज्ञ इस्रायल अहारोनी यांनी सिरियातल्या अलेप्पोजवळच्या शेतात खोल खणून एक मादी आणि तिची पिल्लं मिळवली. हवी होती ती सॉल अ‍ॅडलर या संशोधकाला, काळा आजाराच्या अभ्यासासाठी. आपल्या बिहारला ज्यानं पिढ्यान्‌पिढ्या छळलं तोच हा आजार. त्यातली काही पिल्लं जगली, वाढली आणि आज जगभर पाळले जाणारे बहुतेक सगळे सोनेरी हॅमस्टर त्याच एका बिळातून आलेले आहेत. त्या मादीनं पकडल्यावर आपलंच एक पिल्लू मारलं होतं. तेव्हा गोंडस वगैरे ठीक आहे, पण प्रकरण तापट आहे.

तात्याला पेटीतल्या गोल चाकावर पळताना बघून लोक हळहळतात, "बिचारा, कुठेच पोचत नाही!" मला नाही वाटत तो बिचारा आहे. नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांनी उघड्यावर, रानात चाक ठेवून पाहिलं. 2014 मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. रानातले उंदीर आपणहून येऊन त्यावर धावले, एवढंच काय, बेडूकही चढले. चाक मात्र मोठं हवं, पळताना पाठ वाकता कामा नये, आणि तारांचं नको. त्यात पाय अडकतो.

आता आमच्या गावचा खरा प्रश्न: ऊन. अलेप्पोकडेही उन्हाळा कडक, पण तिथे रानातला हॅमस्टर जमिनीत दोन फूट खाली गारव्याला झोपतो. आपण त्याला तिसऱ्या मजल्यावर काचेच्या पेटीत ठेवतो आणि बाहेर पंचेचाळीस. त्याला मानवतं ते वीस-बावीस. मे महिन्यात तात्याची पेटी एसीच्या खोलीत हलते, आत फुटक्या माठाचं खापर असतं, त्यावर तो पोट टेकून पडतो. कूलरचा ओला झोत अंगावर येऊ द्यायचा नाही. हे जमणार नसेल तर विदर्भात हॅमस्टर आणू नका, असं मी तोंडावर सांगते. आंघोळही घालू नका. वाटीभर बारीक, कोरडी वाळू द्या, तो लोळून स्वतःच चकचकीत होतो.

लहान मुलांसाठी म्हणून विचारत असाल तर जरा थांबा. झोपेतून उचललं की चावतो, आणि हातातून पडला तर हाड मोडतं. शिवाय आयुष्य दोन, फार तर तीन वर्षं. लेकीला हे मी आणायच्या आधीच सांगितलं होतं. तिनं ऐकून घेतलं आणि लगेच नाव काय ठेवायचं ते विचारलं.

आणि दुकानदार हमखास म्हणेल, "जोडी घ्या, एकटा कंटाळेल." सिरियन असेल तर मुळीच ऐकू नका. मोठे झाले की दोघं एकमेकांना फाडतात. आणि नर-मादी निघाली तर सोळा दिवसांत पिल्लं, तीही पाच-दहाच्या हिशेबात. एकच आणा.