कढणाची वाटी

सिन्नरच्या पुढची वस्ती. मी गाडीवरून उतरत होते तोच थोरला मुलगा धावत आला. "सिस्टर, आज सलाईन लावाच. चार दिवस नानांच्या पोटात काही नाही. उपाशी मारलं म्हणतील लोक."

आत सूनबाई मुगाचं कढण भरवत होत्या. नानांचे ओठ घट्ट मिटलेले, कढण हनुवटीवरून ओघळत होतं. घशात घरघर. फुफ्फुसाचा कॅन्सर हाडांत उतरलेला, गुडघ्यांवर निळसर डाग दिसू लागले होते.

मुलाला ओट्यावर बसवलं. "भाऊ, नाना आता जायला निघालेत. दोन दिवस, फार तर तीन. जेवत नाहीत म्हणून जातायत असं नाही. शरीर आवरतं घेतंय, म्हणून भूक गेलीय. सलाईनचं पाणी त्यांना पेलणार नाही. घरघर वाढेल, सूज येईल."

'सिरियस आहेत' म्हणून मोकळं होता येतं. मी तसं म्हणत नाही. त्या शब्दावर घरचे पुन्हा दवाखान्याची गाडी शोधत बसतात आणि माणूस वाटेत जातो. मी पाहिलंय ते.

मग वेदनेवरच्या मॉर्फिनचं विचारलं. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळे हे औषध वर्षानुवर्षं मिळायची मारामार होती, २०१४ च्या दुरुस्तीनंतर जरा सोपं झालं. इथे गोळ्या घरात होत्या, पण डब्यात. "सवय लागेल म्हणून नाना ओरडले तरच द्यायचो," तो खाली बघत म्हणाला. चार-चार तासांनी द्यायची गोळी! मला फार लागलं ते, पण त्याला काय बोलणार? भीती कुणी काढलीच नव्हती त्याची. डॉक्टरांशी फोनवर बोलून मॉर्फिन देण्यासाठी नानांच्या त्वचेखाली बारीक सुई बसवली. तासाभरात कपाळावरची आठी सैल झाली.

सूनबाई वाटी धरून तशाच उभ्या. "मग मी आता काय करू? लग्न होऊन आले तेव्हापासून ताट मीच वाढते त्यांना."

कापसाचा बोळा पाण्यात भिजवून, पिळून त्यांच्या हातात दिला. "ओठ ओले करा, वहिनी. वर तुपाचं बोट फिरवा. दर दोन तासांनी कूस बदला. आणि बोला त्यांच्याशी, ऐकू येत असतं असंच धरून चालायचं."

मुलगा उशाशी टेकला. बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "नाना, वरच्या वावरातला कांदा काढून झाला."

वहिनींनी वाटी झाकून चुलीपाशी नेऊन ठेवली. कढण टाकलं नाही.