कागदावर वाळणारा बेदाणा

ऑगस्ट संपत आला की तासगावहून काकांचा फोन येतो आणि एक प्रश्न ठरलेला असतो. “तिकडं बेदाण्याला माणसं मिळत्यात का गं?” मिळतात, काका. कशी मिळतात ते फोनवर सांगून होत नाही, म्हणून इथे लिहिते.

मी कॅलिफोर्नियात, फ्रेस्नोला राहते. जवळचं सेल्मा गाव स्वतःला बेदाण्याची राजधानी म्हणवतं. जुन्या बागांमधला वाण आपल्या ओळखीचा, थॉमसन. वाळवायची रीत मात्र वेगळी. आपण घड डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून शेडमधल्या जाळीवर पसरतो. इथे वेलींच्या दोन ओळींमध्ये जमिनीवर कागद अंथरतात आणि त्यावर घड उन्हात टाकतात. दोन-तीन आठवड्यांत काळपट बेदाणा तयार होतो. वेलीखाली वाकून वाकड्या चाकूने घड कापायचे, कागदावर पसरायचे, पुढे सरकायचं. ऊन चाळीस अंशांचं आणि मजुरी कागदामागे.

हे करणारे बहुतेक मेक्सिकोचे. कित्येकजण ओआहाका राज्यातले, घरी स्पॅनिश नव्हे, मिश्तेक ही तिथली मूळची भाषा बोलणारे. अमेरिकी सरकारच्याच पाहण्यांनुसार देशातल्या पीक-मजुरांपैकी दहातल्या साधारण चौघांकडे इथे काम करायचे कायदेशीर कागद नाहीत.

नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसामुळे एच-४ व्हिसावर आलेल्या माझ्यासारख्या काही बायकांना २०१५ पासून कामाचा परवाना मिळू लागला. तो हातात आल्यावर मी एका मजूर कंत्राटदाराकडे पगारपत्रकाच्या कामाला लागले. कंत्राटदार म्हणजे आपला मुकादम. बागवाला त्याला पैसे देतो, माणसं तो आणतो आणि कागदही त्यानेच बघायचे. त्यामुळे बागवाल्याला कुणाचे कागद बघावेच लागत नाहीत.

१९५२ च्या अमेरिकी स्थलांतर कायद्यात स्पष्ट लिहिलं होतं की बेकायदा आलेल्याला नोकरी देणं म्हणजे त्याला आसरा देण्याचा गुन्हा नव्हे. शेतमालकांना हवं तसंच ते होतं. मग नोव्हेंबर १९८६ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी नव्या कायद्यावर सही केली. आधीपासून राहणाऱ्या सुमारे २७ लाख लोकांना त्याने कायदेशीर करून घेतलं आणि पुढे कागद नसलेल्या माणसाला काम देणं बेकायदा ठरवलं. पण केव्हा? ‘जाणूनबुजून’ दिलं तर. सगळी पळवाट या एका शब्दात आहे.

नवा माणूस आला की मी आय-९ हा कामावर घेतानाचा सरकारी फॉर्म भरून घ्यायची. तो ओळखपत्र दाखवणार, सोशल सिक्युरिटीचं, म्हणजे सरकारी पेन्शन योजनेचं, नंबर असलेलं कार्ड दाखवणार. कागद वरकरणी खरा वाटला की स्वीकारायचा. चेहरा बघून जास्तीचे कागद मागितले तर तो भेदभाव, आणि तो नियम मला योग्यच वाटतो. नंबर सरकारी संगणकावर ताडून बघायची सोय आहे, ई-व्हेरिफाय. ॲरिझोनात ती २००८ पासून सक्तीची आहे, कॅलिफोर्नियातल्या खासगी मालकांवर सक्ती नाही. २०१९ मध्ये आमच्याकडे नाव आणि नंबर जुळत नसल्याची सरकारी पत्रं आली. त्याच पत्रात बजावलेलं होतं की एवढ्यावरून कुणाला कामावरून काढू नका.

सीमेवर मात्र कसलीच ढिलाई नाही. १९९२ च्या सुमारास सीमा गस्तीदलात चार हजार जवान होते, आता वीस हजारांच्या आसपास आहेत. १९९४ मध्ये सान दिएगोजवळ बंदोबस्त आवळला, तशी माणसं ॲरिझोनाच्या वाळवंटातून येऊ लागली आणि तिथे तहानेने मरू लागली. शिवाय पूर्वी हंगाम संपला की माणूस गावी जायचा, आपला ऊसतोड मजूर कारखान्यावरून परततो तसा. परत येणं महाग आणि जिवावरचं झाल्यावर तो जाईनासा झाला, बायकापोरांना इकडे घेऊन आला. परतीची वाट बंद झाल्यानेच कितीतरी कुटुंबं इथे कायमची राहिली.

कायदेशीर मजूर आणायची वाट आहे, एच-२ए व्हिसा. त्याला संख्येची मर्यादाही नाही. पण राहायला मोफत घर द्यावं लागतं, येण्याजाण्याचा खर्च द्यावा लागतो, मजुरीचा दर सरकार ठरवतं. बेदाण्याची तोडणी जेमतेम काही आठवड्यांची. चाळीस एकरवाला बागायतदार त्या फंदात पडत नाही, मुकादमाला फोन करतो. मला राग त्या बागायतदाराचा येत नाही, तोही कर्जात असतो. राग येतो तो या मजुरांच्या कष्टावर चार दशकं शेती चालवून घेऊन पकडायची वेळ आली की फक्त त्यांनाच पकडणाऱ्या व्यवस्थेचा.

एका शुक्रवारी पन्नाशीची एक बाई पगाराची चिठ्ठी घेऊन माझ्या टेबलाशी आली. सोशल सिक्युरिटीच्या कपातीवर तिने बोट ठेवलं. हे पैसे म्हातारपणी मिळतील ना, असं तिने विचारलं. नंबर दुसऱ्याचा असेल तर त्यातलं काहीच मिळत नाही. पण ‘नाही’ म्हटलं असतं तर तिचा नंबर खोटा असल्याचं मला ठाऊक आहे असा अर्थ झाला असता, आणि ठाऊक असताना तिला कामावर ठेवता येत नाही. मी गप्प बसले. ते मला अजून टोचतं. ती थोडा वेळ थांबली, चिठ्ठीची घडी घालून पदराला बांधावी तशी रुमालात बांधली, आणि सोमवारी कुठल्या बागेत जायचं ते विचारलं.