बंद गिरणीत बघण्यासारखं असतं काय?

"मशीनं तर कधीच भंगारात गेली, मग मुंबईतल्या बंद कापडगिरणीत जाऊन बघता काय?" हे मला बरेच जण विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो, मी आधी कामगारांची कपडे बदलायची खोली शोधतो.

साचे खात्यात, म्हणजे जिथे मागांवर कापड विणायचे तिथे, आता काही उरलेलं नसतं हो. वर करवतीच्या दातांसारखं छप्पर, खाली बोल्टांची भोकं, भिंतीत पिंपळ. पण गंजून चाळण झालेली पत्र्याची कपाटं भंगारवाल्यानेही सोडून दिलेली असतात. लालबागच्या एका गिरणीत रीतसर परवानगी काढून गेलो होतो, तिथे एका कपाटाच्या दाराला आतून विठोबाचं चित्र, खाली ऑइलपेंटने तिकीट नंबर, म्हणजे कामगाराचा गिरणीतला नंबर, आणि बाजूला पेन्सिलीने हिशोब, खानावळ इतके, मनीऑर्डर इतके. कोकणातून, घाटावरून आलेली ही माणसं, एकेका खोलीत पाळीपाळीने झोपणारी, त्यांची स्वतःची म्हणावी अशी जागा बहुतेक एवढीच. मी तिथे बराच वेळ नुसता उभा होतो.

सूत तुटू नये म्हणून साचे खात्यात हवा मुद्दाम दमट ठेवायचे, त्यात अंग घामाने निथळायचं आणि वर कापसाचे तंतू चिकटायचे, म्हणून कपडे बदलणं आलंच. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात कामगारांचे कपडे ठेवायला, वाळवायला जागेची तरतूद होती. पण एकेकाळी याच खात्यात दलितांना घेत नसत, कारण धोट्यातला, म्हणजे मागावर आडवं सूत नेणाऱ्या नळीतला, धागा तोंडाने ओढावा लागायचा आणि बाकीच्यांना त्याचा विटाळ व्हायचा. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपात हा प्रश्न लावून धरला. कपाटांवरची नावं वाचताना मला हे आठवतंच, आठवायलाच हवं.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि कित्येकांना परत आत जाताच आलं नाही. आता सरकारी योजनेतल्या गिरणी कामगारांच्या घरांसाठी १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर कामावर असल्याचा पुरावा लागतो, गिरणीचं तिकीट, ईएसआयचं म्हणजे कामगार विम्याचं कार्ड, प्रॉव्हिडंट फंडाचा कागद, आणि कामगारांच्या म्हाताऱ्या बायका, पोरं अजून ट्रंका उपसतायत. म्हणून पाडकामवाल्यांना माझी कळकळीची विनंती आहे, कपाटांचे फोटो काढाच, पण टाइमकीपरच्या खोलीत वाळवी लागलेली हजेरीबुकं सापडली तर ती रद्दीत घालू नका, कामगार संघटनेला फोन करा.