मास्क कोण काढतं

आज सलग चौथी सकाळ. झोपेत माझा श्वास अडखळतो म्हणून रात्री सीपॅप मशीन लावते, ते नळीतून मास्कमध्ये दाबाने हवा सोडतं. पण जाग आली तर तोंडावर मास्क नाही. बरं, झोपेत ओढून फेकून दिलेला असता तर मला काही वाटलं नसतं, पण तो खिडकीच्या हुकाला नीट अडकवलेला, नळी गुंडाळून ठेवलेली, मशीन बंद. यांना विचारलं तर म्हणे मी कशाला हात लावू तुझ्या मशीनला. मग कोण लावतं? घरात दोघंच आहोत.

अ‍ॅपवर बघितलं, काल वापर ३ तास १२ मिनिटं. अकराला लावला होता, म्हणजे सव्वादोनच्या सुमारास मीच उठून हे सगळं केलं असणार आणि मला त्यातलं काहीही आठवत नाही. मागच्या महिन्यात डॉक्टरांना छाती पुढे काढून सांगितलेलं की रात्रभर लावते. त्यांनी काही न बोलता स्क्रीन माझ्याकडे वळवली. तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये. मी खोटं नव्हते बोलले हो, मला खरंच वाटत होतं रात्रभर लावते.

आधी वाटलं थंडीमुळे असेल. नाशिकला सध्या जी थंडी पडलीय, आणि निफाडला तर विचारूच नका. मशीनमधली कोमट ओलसर हवा गार नळीतून येताना तिचं पाणी होतं, गुडगुड गुडगुड आवाज आणि पहाटे नाकात थेंब, आमच्या गच्चीच्या टाकीचा पाइप असाच वाजतो. मशीनवाल्या मुलाला फोन केला तर त्याचा पहिला प्रश्न, काकू मशीन ठेवलंय कुठे? उशाच्या वरच्या फळीवर. मग पाणी खाली तुमच्याच नाकात येणार ना! मशीन खाली स्टुलावर आणलं, हवेला ओल देणारा ह्युमिडिफायर ५ वरून ३ वर केला, नळीला लेकीची जुनी लेगिंग चढवली (फुलाफुलांची आहे, दिसायचं ते दिसतं). गुडगुड गेली. मास्क हुकावरच.

मग हवेची गळती. कडेने फुस्स हवा जायची ती नेमकी यांच्या कानात, आणि मी पट्टे आवळत सुटले, इतके की नाकावर वळ उठला आणि शाळेत एकीने विचारलं नवीन चष्मा का? कारण निघालं काय तर कोल्ड क्रीम. झोपताना चेहऱ्याला चोपडायचं आणि वर सिलिकॉनचा मास्क, तो घसरणारच. आता क्रीम संध्याकाळीच लावते आणि झोपताना तोंड धुते, मास्कची गादी रोज सकाळी साबणाच्या पाण्याने धुते, आणि पट्टे बसून नाही, आडवं पडून मशीन चालू करून बसवते, कारण आडवं झालं की गाल वेगळेच बसतात. पट्टे उलट सैल केले तर गळती कमी झाली. हे कोणी आधी का सांगत नाही? असो. तरी मास्क हुकावर.

काल रडूच आलं. चौपन्नाव्या वर्षी सोंड लावून झोपायचं आणि ती सोंडही आपल्याला न विचारता आपणच काढायची. बाबा असेच घोरायचे, आम्ही पोरं नक्कल करून हसायचो, आणि मग ते… जाऊ दे.

लेक फोनवर म्हणाली, आई, सिडनीच्या डॉ. सलिव्हननी १९८० च्या सुमाराला हे पहिल्यांदा केलं तेव्हा मास्क रोज रात्री नाकाला चक्क चिकटवायचे आणि हवेला व्हॅक्यूम क्लीनरची मोटर होती. म्हणजे माझं त्या मानाने बरंच चाललंय म्हणायचं. मोटरचा आवाज नाही, आणि तपासणीत तासाला ३८ वेळा श्वास अडखळत होता तो आता लावलेल्या वेळात ३ वर आलाय. लावलेल्या वेळात. उरलेल्या रात्रीचं काय, ते मशीनलाही माहीत नाही.

पण ती घडी. ती नळीची घडी मला सोडत नाहीये. झोपेतसुद्धा पसारा न ठेवणारी ही कोण बाई आहे? जागेपणी माझ्या कपाटाचं दार लागत नाही.

आज चहा घेताना हे हळूच म्हणाले, तुला सांगणार नव्हतो. रात्री तू उठून बसतेस, मास्क काढून माझ्यापुढे धरतेस आणि म्हणतेस, झालं माझं, आता तुम्ही लावा. मी घोरत असतो म्हणे तेव्हा. यांनी नको म्हटलं की मग मी तो हुकाला लावते, नळी गुंडाळते आणि झोपते.

चहा नाकात गेला माझ्या. हसून झाल्यावर म्हटलं, मग तुम्हीपण एकदा तपासणी करून घ्या की.

यांनी पेपर वर धरला.