सही करायच्या आधी तिथल्या एका मॅडमना फोन लावा

गेल्या पंधरा दिवसांत जुन्या शाळेतल्या दोघी मॅडमनी विचारलं, तुम्ही ओमानमध्ये मस्कतला कशा गेलात, एजंट कुठला धरला, किती द्यावे लागले. दोघींना फोनवर तासतासभर तेच सांगितलं, मग म्हटलं एकदा लिहूनच काढावं, अजून कुणाच्या उपयोगी पडलं तर बरंच.

मी सांगलीची. एमएस्सी बीएड, गणित. वर्गावर उभी राहून अकरा वर्षं झाली, त्यातली पहिली चार विनाअनुदानित शाळेत गेली, आज अनुदान येईल उद्या येईल करत. मग सीबीएसईच्या एका शाळेत लागले, शेवटचा पगार हातात 19 हजार यायचा. सरकारच्या शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलची वाट बघून झाली होती, मुलगी दुसरीत गेली होती, घराचा हप्ता चालू होता. बाहेर जायचं हे मी आणि नवऱ्यानं एका रात्रीत ठरवलं, पण कुठं जायचं हे ठरवायला मात्र दीड वर्ष लागलं.

त्यातले पहिले चार महिने वाया गेले ते एजंटमुळं. पुण्यातला होता, बोलायला गोड, दुबईच्या शाळेत शंभर टक्के काम करतो म्हणाला. फाइल चार्ज म्हणून 15 हजार घेतले, मग व्हिसा प्रोसेसिंगचे म्हणून 80 हजार मागायला लागला आणि शाळेचं नाव विचारलं की म्हणायचा ते सिलेक्शननंतर सांगतात. तेव्हा कुठं मी परराष्ट्र मंत्रालयाचं ई-मायग्रेट पोर्टल उघडलं. तिथं नोंदणी असलेल्या एजंटांची यादी असते, त्यात याचं नाव नव्हतं. आणि नोंदणी असलेल्यालासुद्धा उमेदवाराकडनं 30 हजार अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. दुबई ज्या देशात येतं त्या यूएईच्या कामगार कायद्यात तर भरतीचा खर्च कामगाराकडनं घ्यायलाच बंदी आहे, तो मालकानंच करायचा. हे सगळं आधी दहा मिनिटांत बघता आलं असतं. ते 15 हजार परत मिळाले नाहीत, म्हणजे माझा जवळजवळ एक पगार.

नंतर मी सरळ शाळांच्या वेबसाइटवर करिअर्सचं पान उघडून स्वतःच अर्ज करायला लागले. आखातातल्या भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा आपल्यासारख्याच एप्रिलला सुरू होतात, ब्रिटिश शाळांचं वर्ष सप्टेंबरला. त्यामुळं सीबीएसईवाल्यांनी दिवाळी झाली की अर्जाला बसायचं, मे महिन्यात सुट्टी लागल्यावर शोधायला बसलं तर बऱ्याचशा जागा भरलेल्या असतात. मी एकूण सव्वीस अर्ज केले, उत्तरं आली पाच.

डेमो तासाचं सांगते, कारण त्याचीच सगळ्यांना भीती वाटते. झूमवर तिघंजण बसलेले, विषय त्यांनीच दिला आणि तोही दोन तास आधी, ऋण गुणिले ऋण धन का होतं, वर्ग सातवी. माझ्याकडे स्मार्टबोर्ड वगैरे काही नव्हतं, मुलीची छोटी पाटी होती. मी पाटीवर आमच्या गच्चीवरची टाकी काढली. टाकीतनं मिनिटाला 3 लिटर पाणी गळतंय, म्हणजे उणे 3. आता सांगा, 4 मिनिटांपूर्वी, म्हणजे उणे 4, टाकीत आत्तापेक्षा किती पाणी असेल? 12 लिटर जास्तच असणार ना. एवढंच शिकवलं आणि मग वीस मिनिटं त्यांना प्रश्न विचारू दिले. इंग्रजी माझं मराठी वळणाचं आहे, ते तसंच राहू दिलं. त्या डेमोवरच मला मस्कतची ऑफर आली, दुबईची दुसऱ्या एका शाळेची आठवड्यानं आली.

मधे इंग्लंडचाही विचार करून झाला. फेब्रुवारी 2023 पासून भारतातल्या गणित, विज्ञान आणि भाषांच्या शिक्षकांना तिथल्या क्यूटीएससाठी, म्हणजे शिक्षक म्हणून अधिकृत पात्रतेसाठी, थेट अर्ज करता येतो आणि त्या अर्जाला फी नाही, हे फार चांगलं आहे, ज्यांना जमेल त्यांनी जरूर करा. पण व्हिसाबरोबर तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचा हेल्थ सरचार्ज आधीच भरावा लागतो, मोठ्या माणसाला वर्षाला 1,035 पौंड आणि मुलाला 776. तिघांचे तीन वर्षांचे साडेआठ हजार पौंड, म्हणजे नऊ लाखाच्या आसपास, तेही पहिला पगार हातात पडायच्या आधी. आमच्याकडे तेवढे नव्हते, विषय तिथंच थांबला.

तर उरल्या दोन ऑफर. दुबई 5,000 दिरहम, मस्कत 430 रियाल. रुपयात बघितलं तर दुबई 1 लाख 15 हजार आणि मस्कत 94 हजार. घरात सगळे दुबई म्हणायला लागले, माझे वडील तर पेढे आणायला निघाले होते. सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, "अगं, आकडा बघू नको नुसता, हातात काय उरतंय ते बघ."

मग आम्ही दोघं वही घेऊन बसलो. दुबईच्या पत्रात 5,000 पैकी बेसिक फक्त 2,000 होता, बाकी सगळे भत्ते. यूएईत नोकरी सोडताना जी ग्रॅच्युइटी मिळते ती पहिली पाच वर्षं दर वर्षाला 21 दिवसांच्या बेसिकवर, भत्ते त्यात धरत नाहीत. 2,000 वर वर्षाला 1,400 दिरहम होतात, तोच बेसिक 3,500 असता तर 2,450. पाच वर्षांत सव्वापाच हजार दिरहमचा फरक पडतो, म्हणजे सव्वा लाख रुपये, आणि पत्रावर वरचा आकडा दोन्हीकडे 5,000 च दिसणार. घर आपलं आपण बघायचं होतं. दुबईत परवडत नाही म्हणून बरेच शिक्षक शेजारच्या शारजात राहतात, तिथंही एक बेडरूमला अडीच हजाराच्या आसपास जाणार होते. मुलीच्या फीत पहिलं वर्ष सवलत नाही. मस्कतच्या पत्रात बेसिक 300 रियाल होता, मुलीची फी निम्मी, घराचं भाडं दीडशे रियालपर्यंत बसत होतं. वहीच्या खालच्या ओळीत मस्कतला महिन्याला थोडे जास्तच उरत होते.

तरी मन होईना. दुबईचं नावच मोठं आहे. दुबईतल्या खाजगी शाळांच्या तपासणीचे केएचडीए या तिथल्या सरकारी शिक्षण खात्यानं केलेले अहवाल वेबसाइटवर कुणालाही वाचता येतात, त्या शाळेचाही मी वाचून काढला, त्यात शिक्षक सोडून जाण्याचं प्रमाण दिलेलं होतं आणि ते वाचून पोटात गोळा आला. पण खरा निर्णय झाला तो दोन फोनांवर. लिंक्डइनवर दोन्ही शाळांतल्या गणिताच्या मॅडम शोधल्या, मेसेज केले, दोघीही बोलल्या, खूप उपकार आहेत त्यांचे. मी विचारलं आठवड्याला तास किती, बदली तास किती पडतात, माझ्या आधी या जागेवर कोण होतं आणि का गेलं, पासपोर्ट कुणाकडे असतो.

दुबईच्या मॅडम म्हणाल्या, बस शारजातनं पावणेसहाला निघते, संध्याकाळी घरी यायला कधी पाच कधी सहा, मुलगा झोपेतच बसमध्ये चढतो. पासपोर्टचं विचारल्यावर जरा थांबल्या आणि म्हणाल्या, ऑफिसमध्ये ठेवतात, मागितला की देतात. तिथं मालकानं पासपोर्ट ठेवून घेणं बेकायदेशीर आहे हे मला माहीत होतं, त्यांनाही होतं, आवाजावरनं कळत होतं. मस्कतच्या मॅडम केरळच्या, त्यांनी काही लपवलं नाही. तास 30, वह्या भरपूर, उन्हाळ्यात बाहेर पाय टाकवत नाही, पगारवाढ दर वर्षी होईलच असं नाही. पण पासपोर्ट आपल्या कपाटात, आधीच्या मॅडम नवऱ्याच्या बदलीमुळं गेल्या, आणि प्रिन्सिपल वर्गात येऊन बसतात ते शिकवायला मदत करायला. मी फोन ठेवला आणि नवऱ्याला म्हटलं, मस्कत.

कागदपत्रांचं एक सांगायचं राहिलं, बायकांनी हे नीट वाचा. माझी डिग्री आणि बीएड माहेरच्या नावावर, पासपोर्ट सासरच्या. ऑफर आल्यावर हे लक्षात आलं. मग विवाह नोंदणी दाखला, राजपत्रात नाव, विद्यापीठाचं व्हेरिफिकेशन, मंत्रालयातला शिक्षण खात्याचा (एचआरडी) शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा शिक्का, ओमान त्यासाठीच्या हेग करारात असल्यामुळं अपॉस्टिल चालतं, यूएईला मात्र दूतावासाचा शिक्का लागतो. नावाच्या एवढ्या एका गोष्टीत सात आठवडे गेले आणि शाळेनं थांबायची तयारी दाखवली म्हणून वाचले. अर्ज करायच्या आधीच नाव जुळतंय का बघून घ्या.

इथं आठवडा रविवारी सुरू होतो, सुट्टी शुक्रवार शनिवार. वेळ आपल्या दीड तास मागे, त्यामुळं रात्री आईशी बोलता येतं. त्या केरळच्या मॅडम स्टाफरूममध्ये माझ्या शेजारच्याच खुर्चीवर बसतात. आणि परवा लातूरच्या एका मॅडमचा मला मेसेज आला, इथं मस्कतला आमच्या शाळेत फिजिक्सची जागा निघालीय, विचारत होत्या तास किती, आधीच्या का गेल्या. मी त्यांना फोन लावला आणि जे आहे ते सगळं सांगितलं, या वर्षी तास 32 झालेत हेही सांगितलं. त्या म्हणाल्या, घरी बोलून कळवते.